उत्प्रेरक: हा शब्द कुठे बसतो आणि कुठे नुसता मिरवतो

गेल्या वर्षी एका संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत करायला माझ्याकडे आला. चाळीस पानं, आणि त्यात ‘कॅटलिस्ट’ हा शब्द अकरा वेळा. तरुण कॅटलिस्ट, बचतगट कॅटलिस्ट, प्रशिक्षण कॅटलिस्ट, शेवटी देणगीदारही कॅटलिस्ट. मी शब्दकोशाला स्मरून अकराही ठिकाणी ‘उत्प्रेरक’ ठोकून दिला. पाठवण्याआधी मजकूर एका मैत्रिणीला वाचायला दिला. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने पेन्सिलीने नऊ ठिकाणी गोल केले आणि पहिल्या गोलाशेजारी समासात लिहिलं, ‘हा उरतो की जळून जातो?’

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला जे शिकावं लागलं ते पायरीपायरीने इथे मांडते आहे. भाषांतर करणारे, बातम्या लिहिणारे, निबंधात किंवा प्रकल्प अहवालात हा शब्द वापरणारे विद्यार्थी, यांच्यापैकी कुणाला उपयोग झाला तर बरंच.

पायरी १: आधी एकदा डोळ्यांनी बघा

व्याख्या नंतर. आधी औषधाच्या दुकानातून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. छोटी बाटली पुरे. पार्लरमध्ये केसांसाठी वापरतात ते तीव्र द्रावण नको. काचेचे दोन पेले घ्या आणि दोन्हींत दोन-दोन बोटं द्रावण ओता. काहीच होताना दिसत नाही. खरं तर होतंय: पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन असं विघटन आपलं आपण चालूच असतं, पण इतकं संथ की बाटली महिनोनमहिने कपाटात टिकते.

आता एका पेल्यात कच्च्या बटाट्याची चकती टाका, दुसऱ्यात उकडलेल्या बटाट्याची. कच्च्या चकतीभोवती लगेच बुडबुडे धरतात आणि मिनिटभरात फेस वर येतो. उकडलेली चकती ढिम्म. पेटलेली उदबत्ती फेसाजवळ नेलीत तर तिचा निखारा उजळतो, कारण निघतोय तो ऑक्सिजन. (पेल्यावर झाकण ठेवू नका, डोळे लांब ठेवा, आणि झाल्यावर दोन्ही चकत्या टाकून द्या. भाजीत नको.)

आता कच्ची चकती चिमट्याने काढा, पाण्याने धुवा आणि ताज्या द्रावणात टाका. पुन्हा फेस. बटाटा संपलेला नाही.

बटाट्यात कॅटलेज नावाचं विकर असतं. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. विकर म्हणजे सजीवांनी बनवलेला उत्प्रेरक. कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडू शकतो, म्हणून एवढीशी चकती पुरते. उकडल्यावर त्या प्रथिनाची घडी मोडते आणि काम थांबतं. या एका प्रयोगात शब्दाचा जवळजवळ सगळा अर्थ आहे. पुढे वाक्य अडलं की मी बटाट्याकडे परत जाते.

पायरी २: अर्थ पक्का करा, आणि पाठ केलेलं थोडं विसरा

मराठी माध्यमाच्या दहावीच्या पुस्तकातली व्याख्या आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे: ज्या पदार्थाच्या केवळ उपस्थितीमुळे रासायनिक अभिक्रियेचा दर बदलतो, पण ज्याच्यात स्वतः कोणताही रासायनिक बदल होत नाही, तो उत्प्रेरक. पोटॅशिअम क्लोरेट तापवताना त्यात मँगनीज डायऑक्साइड टाकलं की कमी तापमानाला भराभर ऑक्सिजन निघतो, हे तिथलं उदाहरण.

व्याख्या परीक्षेपुरती चोख आहे. पण ‘केवळ उपस्थितीमुळे’ या दोन शब्दांनी आपल्या डोक्यात एक चुकीचं चित्र बसतं: लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखा उत्प्रेरक नुसता बसून असतो आणि कार्य पार पडतं. तसं नसतं. तो पुरता कामात उतरतो. गाडीच्या धुरांड्याच्या वाटेवर बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन त्या धातूच्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथेच त्यांचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो सुटून जातो आणि जागा पुढच्यांसाठी मोकळी होते. धातू भाग घेतो, हात धरतो, हात सोडतो आणि शेवटी होता तसा शिल्लक राहतो. ‘भाग घेत नाही’ असं म्हणू नका, ‘खर्च होत नाही’ म्हणा.

मग वेग वाढतो कसा? पुणे-सातारा रस्त्यावरचा खंबाटकी घाट आठवा. पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहनं वर्षानुवर्षं घाट चढून जात आली, आणि साताऱ्याहून पुण्याला येणारी बोगद्यातून. पदार्थ ‘अ’चं ‘ब’ व्हायचं तर मध्ये असाच एक घाट असतो. त्याच्या उंचीला सक्रियण ऊर्जा म्हणतात. बहुतेक रेणूंच्या अंगात तेवढी चढण चढायचं बळ नसतं. उत्प्रेरक त्यांना बळ देत नाही, डोंगरही खणून काढत नाही. तो बोगदा देतो, कमी चढणीची दुसरी वाट.

ही उपमा एका जागी फसते, आणि ती जागाच महत्त्वाची आहे. खंबाटकीचा जुना बोगदा एकदिशा होता. उत्प्रेरकाचा बोगदा नेहमी दुहेरी असतो. ‘अ’चं ‘ब’ होण्याचा वेग वाढला की ‘ब’चं पुन्हा ‘अ’ होण्याचा वेगही त्याच प्रमाणात वाढतो. म्हणून अंतिम समतोल तो बदलू शकत नाही. जर्मनीत ओपाऊ इथे १९१३ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याचा पहिला मोठा कारखाना लोखंडी उत्प्रेरकावर सुरू झाला. त्या लोखंडामुळे अमोनिया लवकर मिळतो. समतोलाला जास्त अमोनिया हवा असेल तर दाब आणि तापमान बघावं लागतं, लोखंड वाढवून भागत नाही.

तरीही ‘उत्प्रेरक फक्त वेग बदलतो, दिशा नाही’ असं सरसकट म्हणणंही अर्धंच खरं. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन निकेलवरून नेले की मिथेन मिळतो. तेच वायू योग्य परिस्थितीत तांबं आणि झिंक ऑक्साइडच्या उत्प्रेरकावरून नेले की मिथेनॉल. वाटा दोन्ही आधीपासून शक्य होत्या. कुठल्या वाटेवर बोगदा निघाला त्यावर गाव ठरलं. जिथे वाटच नाही तिथे कुठलाही उत्प्रेरक काही करू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, चौथ्या पायरीत लागेल.

पायरी ३: शब्द उसवून बघा

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने १८३५ मध्ये या घटनेला ‘कॅटॅलिसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक: ‘काटा’ म्हणजे खाली, ‘लुएन’ म्हणजे सोडवणं, सैल करणं. गाठ सुटून खाली पडावी तसं.

आपला शब्द उलट्या अंगाने येतो. उद् म्हणजे वर, प्र म्हणजे पुढे, आणि ईर् हा हलवण्याचा, चालवण्याचा धातू. उद् + प्रेरक = उत्प्रेरक. ग्रीक माणूस गाठ सोडवतो, आपण वर-पुढे ढकलतो. घडवणाऱ्यांनी शब्द छान घडवला आहे, उच्चारायला भारदस्त, सामासिक रूपांना सोयीचा. पण माझ्या मते मराठीतला सगळा घोटाळा या ‘प्रेर’मुळे झाला. प्रेरणा, प्रेरक, प्रेरणादायी हे शब्द आपल्या इतके ओळखीचे की उत्प्रेरक त्यांचाच थोरला भाऊ वाटतो, जणू जास्त जोरदार प्रेरणा देणारा तो उत्प्रेरक! मग ‘शाळेच्या यशामागील उत्प्रेरक असलेले आमचे मुख्याध्यापक’ अशी वाक्यं निरोपसमारंभात ऐकू येतात. मुख्याध्यापक प्रेरणास्थान असतील, कणा असतील. उत्प्रेरक असतीलच असं नाही.

एका हस्तलिखितात मला ‘तिची उपस्थिती ही जणू उत्प्रेक्षाच होती’ असंही वाचायला मिळालं आहे. उत्प्रेक्षा हा अलंकार. बिचाऱ्या लेखकाला उत्प्रेरक म्हणायचं होतं.

रूपांचं थोडक्यात. पदार्थ तो उत्प्रेरक (पुल्लिंगी), घटना ते उत्प्रेरण (नपुंसकलिंगी), त्याच्या मदतीने झालेली ती उत्प्रेरित अभिक्रिया. अनेकवचन तेच: एक उत्प्रेरक, दोन उत्प्रेरक. प्रत्यय लागताना उत्प्रेरकाने, उत्प्रेरकामुळे, उत्प्रेरकांचा. बाईबद्दल लिहिताना ‘उत्प्रेरिका’ घडवायची गरज नाही, ‘ती उत्प्रेरक ठरली’ पुरेसं आहे. ‘उत्प्रेरणा’ हे रूप मी टाळते, कारण ते वाचकाला थेट प्रेरणेकडे घेऊन जातं. आणि शेजारचा शब्दही सांभाळा: रसायनांची होते ती अभिक्रिया, माणसाची होते ती प्रतिक्रिया. ‘रासायनिक प्रतिक्रिया’ लिहिलंत की पहिल्याच ओळीत कळतं की मजकूर घाईने उतरवलेला आहे.

कॅटलिस्ट की उत्प्रेरक? पाठ्यपुस्तकात, विज्ञानलेखात, विश्वकोशाच्या वळणाच्या लिखाणात उत्प्रेरक. कारखान्यातल्या माणसाच्या तोंडी कॅटलिस्ट. फिटर ‘साहेब, उत्प्रेरक संपलाय’ असं म्हणत नाही, आणि कथेत त्याला तसं बोलायला लावू नका.

पायरी ४: वाक्यात घालण्याआधी चार प्रश्न

रसायनाबाहेर हा शब्द रूपक म्हणून येतो. रूपक म्हणून वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती न तपासता वापरायला. मी हे चार प्रश्न विचारते.

*हा उरतो की जळून जातो?* मैत्रिणीचा प्रश्न पहिला. १८५७ च्या उठावात चरबी लावलेल्या काडतुसांना पुष्कळ लेखक ‘उत्प्रेरक’ म्हणतात. १० मे रोजी मेरठला शिपाई उठले, त्यानंतर काडतुसांचं काम संपलं. भडका आपल्या जिवावर पसरत गेला. हे काडीचं काम, उत्प्रेरकाचं नव्हे. त्याला मराठीत ठिणगी किंवा निमित्त हे नेमके शब्द आहेत. साराजेव्होत २८ जून १९१४ ला झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या हत्येचंही तेच, जिच्यानंतर पहिलं महायुद्ध पेटलं. गीतेत कृष्ण अर्जुनाला ‘निमित्तमात्र हो’ म्हणतो. निमित्त या शब्दाला आपल्याकडे एवढी मोठी परंपरा असताना तिथे रसायनशाळेतली बाटली कशाला आणायची?

*काढून घेतला तर काय होतं?* मँगनीज डायऑक्साइड काढलं की अभिक्रिया पुन्हा रेंगाळते. म्हणजे उत्प्रेरक असेपर्यंतच वेग असतो. इथे सामाजिक संस्थांच्या अहवालांची गंमत होते. ‘आम्ही केवळ कॅटलिस्ट आहोत, तीन वर्षांनी बाहेर पडू आणि बदल चालू राहील’ हे वाक्य मी कितीतरी वेळा उतरवलं आहे. रसायनाच्या हिशोबाने ते उफराटं आहे. तुम्ही गेल्यावरही काम वाढत राहणार असेल तर तुम्ही उत्प्रेरक नव्हता, आणखी काहीतरी होतात. काय, ते पुढच्या पायरीत.

*वाट आधीपासून होती का?* बटाट्याने पेरॉक्साइड फुटलं कारण ते तसंही फुटतच होतं. ज्या गोष्टीची इच्छा, साधनं, माणसं आधीपासून आहेत आणि घोडं अडलंय फक्त मधल्या घाटावर, तिथेच उत्प्रेरकाला काम आहे. कुणी शून्यातून उभं केलं असेल तर त्याला उत्प्रेरक म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

*तो स्वतः शिधा पुरवतो का?* पैसा, माणूसबळ, कच्चा माल देणारा अभिकारक असतो, साध्या भाषेत इंधन. देणगीदार इंधन देतात. त्यांना ‘कॅटलिस्ट’ म्हटलेलं आवडतं हे खरं, पण पैसे खर्च होतात आणि परत मागावे लागतात.

हे चारही प्रश्न एका खऱ्या उदाहरणावर लावून बघू. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना. ऊस शेतकऱ्यांचा, भागभांडवलाचे पैसे शेतकऱ्यांचे, ते गावोगाव फिरून उभे करण्याची धडपड विठ्ठलराव विखे पाटलांची. विखे पाटलांना उत्प्रेरक म्हणाल का? मी म्हणणार नाही. ज्याने स्वतःला कामात जाळून घेतलं त्याला ‘खर्च न होणारा’ म्हणणं म्हणजे कमी लेखणं झालं. ते प्रवर्तक, संस्थापक, आधारवड. पण कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ बघा. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे हे अभ्यासक. त्यांचा ना ऊस, ना प्रवरेकाठी जमीन. पण त्यांच्या ज्ञानामुळे आणि नावामुळे सरकारदरबारी नि कर्ज देणाऱ्यांपुढे शेतकऱ्यांच्या प्रयत्नाला वजन आलं, मधला घाट उतरता झाला. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, अर्थशास्त्रज्ञ ते अर्थशास्त्रज्ञच राहिले. इथे ‘उत्प्रेरक’ लिहिताना माझा हात अडखळत नाही. माणसाच्या बाबतीत ‘स्वतः बदलत नाही’ ही अट थोडी सैल धरावी लागते. दहा वर्षं कारखान्यात घालवून कोणी होता तसा राहत नाही. पण तेवढी सूट रूपकाला द्यायला हवी.

पायरी ५: शेजारपाजारचे शब्द ओळखून ठेवा

बहुतेक वेळा चूक होते ती हाताशी दुसरा शब्द नसल्यामुळे. ठिणगी, निमित्त, इंधन, प्रेरणा यांचं वर आलंच. उरलेल्यांपैकी दोन मला जवळून बघायला मिळाले.

पहिला फायबरच्या कारखान्यात. गणपतीच्या सजावटीसाठी खांब आणि कमानी बनवणाऱ्या एका ओळखीच्यांकडे मी एकदा दुपारभर बसले होते. प्लास्टिकच्या डब्यात मधासारखं घट्ट रेझिन, त्यात आधीच घातलेलं जांभळट कोबाल्ट, ज्याला ते ‘अ‍ॅक्सिलरेटर’ म्हणतात, आणि बाजूला पांढऱ्या बाटलीत पाण्यासारखं ‘कॅटलिस्ट’. कारागीर किलोमागे बाटलीच्या झाकणाने मोजून साधारण शंभराला एक-दोन भाग एवढंच घालतो, भराभर ढवळतो आणि ब्रश उचलतो. ‘आता वीस मिनिटं आपली, ताई. मग डबा फेकायचा.’ मी डब्याला हात लावला तर तो चांगलाच गरम झाला होता. कॅटलिस्ट जास्त पडलं तर माल तापून तडकतो, कमी पडलं तर दोन दिवस चिकट राहतो. आणि कॅटलिस्ट नि कोबाल्ट कधीही थेट एकमेकांत ओतायचं नाही, भडका होतो, हे त्याने मला तीनदा बजावलं.

मी कौतुकाने मैत्रिणीला सांगायला गेले तर ती हसायलाच लागली. त्या बाटलीत मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड असतं. ते फुटतं, त्याचे तुकडे रेझिनच्या साखळ्या जोडायला सुरुवात करून देतात आणि त्या साखळ्यांतच अडकून राहतात. म्हणजे ते खर्च होतं. शास्त्राच्या भाषेत तो आरंभक. उलट ज्याला कारागीर अ‍ॅक्सिलरेटर म्हणतो ते कोबाल्ट पेरॉक्साइडला फोडतं, स्वतः रूप बदलतं, मूळ रूपात परत येतं आणि पुन्हा फोडतं. खरा उत्प्रेरक तो! बाटल्यांवरची नावं अदलाबदल झाल्यासारखीच आहेत. म्हणून कारागिराला दुरुस्त करायला जायचं का? अजिबात नाही. त्या धंद्यात कॅटलिस्ट म्हणजे ती पांढरी बाटली, हे पक्कं आहे. कामाची माहिती लिहायची असेल तर तोच शब्द ठेवा, नाहीतर कोणीतरी चुकीचं काहीतरी ओतेल. शास्त्र समजावायचं असेल तेव्हा आरंभक म्हणा.

दुसरा शब्द स्वयंपाकघरातला: विरजण. उत्प्रेरकाचं घरगुती उदाहरण म्हणून शिक्षक हमखास विरजण सांगतात. चमचाभर घातलं की पातेलंभर दुधाचं दही, आणि उद्यासाठी चमचाभर उरतंच, म्हणजे झाला की उत्प्रेरक! जरा थांबा. विरजणात जिवाणू असतात. ते दुधातली साखर खातात, आम्ल करतात, आणि मुख्य म्हणजे वाढतात. सकाळी पातेल्यात रात्रीच्या कितीतरी पट विरजण असतं, कारण सगळं दहीच विरजण झालेलं असतं. उत्प्रेरक घातला तेवढाच राहतो. जिवाणूंच्या पोटातली विकरं उत्प्रेरक आहेत, विरजण नाही. विरजणाला जवळचा शास्त्रीय शब्द हवा असेल तर स्वयंउत्प्रेरण: अभिक्रियेतून जे तयार होतं तेच पुढची अभिक्रिया वाढवतं.

आणि म्हणूनच, ‘आम्ही बाहेर पडू आणि बदल पसरत राहील’ असं म्हणणाऱ्या संस्थेसाठी विरजण हे फार नेमकं रूपक आहे. थोडं घातलं, लागलं, मग प्रत्येक वाटीतून पुढच्या घरी जाऊ शकतं. अडचण एकच. मराठीत उत्साहावर विरजण पडतं, आणि ते पडलेलं कुणालाच नको असतं. म्हणून ‘विरजण पडलं’ नव्हे, ‘विरजण लागलं’ असं लिहायचं. क्रियापदाने अर्थ फिरतो.

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, तिलाही कुणी उत्प्रेरक म्हणतं. ती गाळाबरोबर तळाशी बसते, उत्प्रेरक नाही. मटण लवकर शिजावं म्हणून लावलेली कच्ची पपई मात्र खरी. तिच्यातलं पपेन हे विकर मांसातली प्रथिनं तोडतं. खायचा सोडा अभिक्रियेत संपतो, तो नाही.

वेग कमी करणाऱ्या पदार्थाला जुन्या पुस्तकांत ‘ऋण उत्प्रेरक’ म्हणत. तो बहुधा खर्च होतो, त्यामुळे हे नाव आता मागे पडलं आहे. निरोधक म्हणा.

एक शब्द मात्र रसायनातून उचलून मराठीत रुळवावा असं मला मनापासून वाटतं: उत्प्रेरकाला विष होणं. शिसं घातलेलं पेट्रोल जाळलं की शिसं कन्व्हर्टरच्या धातूवर बसतं आणि जागा अडवतं. धातू तिथेच असतो, पण निकामी. म्हणून १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर आले तेव्हा तिथे शिसेविरहित पेट्रोलही आणावं लागलं. देशभर ते २००० मध्ये झालं. एखादा उत्तम अधिकारी बदलून न जाताही निष्प्रभ होतो, कारण त्याच्या टेबलावर नको त्या फायलींचा थर बसलेला असतो. त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं रूपक मला सापडलेलं नाही.

पायरी ६: वाक्यं दुरुस्त करून बघा

‘मेट्रो ही उपनगरांच्या विकासासाठी एक उत्प्रेरक ठरली आहे.’ या वाक्यात ‘एक’ इंग्रजीतून आलाय, ‘विकासासाठी उत्प्रेरक’ही. दुरुस्ती: ‘मेट्रोमुळे उपनगरांच्या विकासाला चालना मिळाली.’ दहापैकी सात ठिकाणी चालना मिळणं, वेग येणं, जोर धरणं यांनी काम भागतं आणि वाचक अडखळत नाही.

‘त्या पराभवाने उत्प्रेरकाची भूमिका बजावली आणि तो जिद्दीला पेटला.’ जिद्दीला पेटला म्हणताय तर ठिणगीच हवी. ‘तो पराभव त्याच्या जिव्हारी लागला आणि तो जिद्दीला पेटला.’ उत्प्रेरक गेला, वाक्य बरं झालं.

‘तिमाही निकाल हा शेअरसाठी मोठा उत्प्रेरक ठरेल.’ बाजारातली माणसं याला ट्रिगर म्हणतात आणि तेच बरोबर आहे: एकदा येतो, भाव हलवतो, संपतो. ‘निकालानंतर शेअर हलेल’ एवढं लिहिलं तरी चालतं. शिवाय ‘मोठा उत्प्रेरक’ ही जोडी चमत्कारिक आहे, त्याची करामत तो थोडा असण्यात आहे. विशेषण हवंच तर प्रभावी.

‘वनस्पती तूप बनवताना तेलात हायड्रोजन मिसळण्यासाठी निकेलचा उत्प्रेरक म्हणून वापर करतात आणि नंतर ते गाळून काढतात.’ याला हात लावू नका. शब्द आपल्या घरी आहे.

शब्द ठेवायचाच असेल तर ‘उत्प्रेरकाची भूमिका बजावली’पेक्षा ‘उत्प्रेरक ठरला’ किंवा ‘उत्प्रेरकाचं काम केलं’ हे हलकं पडतं. ‘बदलासाठी उत्प्रेरक’ऐवजी ‘बदलाचा उत्प्रेरक’. आणि एका लेखात एकदाच. दुसऱ्यांदा आला की वाचकाला तो लेखकाचा लाडका शब्द वाटू लागतो.

माझ्या अहवालाचं असं झालं: तरुण ‘बदलाचे वाहक’ झाले, बचतगट ‘आधार’, देणगीदार ‘पाठीराखे’, चार ठिकाणी नुसती ‘चालना’ आली, दोन वाक्यं शब्दासकट उडवली तरी अर्थ तसाच राहिला. मैत्रिणीने गोल न केलेली दोनच ठिकाणं उरली. एक होतं सांडपाण्याच्या प्रकल्पाबद्दलचं, तिथे खरोखरच रसायन होतं. दुसरं एका तालुक्याच्या गावचं. तहसील कचेरीबाहेर दर गुरुवारी एक ताई सतरंजी टाकून बसायच्या आणि आलेल्यांचे निराधार योजनेचे अर्ज भरून द्यायच्या. अर्ज लोकांचे, कागदपत्रं लोकांची, पैसे सरकारचे, हक्कही आधीचाच. ताईंकडे एक पेन आणि रकाना कुठला कशाचा याची माहिती. ज्या गुरुवारी त्या यायच्या नाहीत त्या गुरुवारी अर्ज पिशवीतच घरी जायचे, असं अहवालात लिहिलं होतं. तिथे मी उत्प्रेरक ठेवला.

संस्थेच्या कार्यालयातून आठवड्याने फोन आला, ‘मॅडम, बाकी नऊ ठिकाणचं कॅटलिस्ट कुठे गेलं?’ फोनवर सांगणं अवघड होतं. मी त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइडची एक बाटली आणि दोन बटाटे आणून ठेवायला सांगितलं.